दरवाजामायचं कवच

किल्ला कोणी बांधला हे मला विचारू नका. आमच्या अंजनवाडीत त्यावर आजही दोन तट आहेत. एक म्हणतो गवळी राजानं, दुसरा म्हणतो थाळनेरच्या सुलतानानं, आणि दोघांनाही स्वतःच्या पणजोबाच्या मागचं नाव सांगता येत नाही. पण महादरवाजाच्या उजव्या अंगाला खाली तो दगड दिसतो ना, बाकीच्यांपेक्षा उजळ? त्याची गोष्ट मला विचारा. ती माझ्या सासूची गोष्ट आहे. आणि सून सासूबद्दल चांगलं बोलायला लागली, तर समजा त्यात काहीतरी खरं असणार.

चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की केळीचे मळे संपतात, अंजनाची झाडं लागतात आणि मग हा अंजनगड. वर जायला वाट एकच. हत्तीला पळत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून दरवाजा मुद्दाम दोन बुरुजांच्या आड, वळणावर लपवलाय. आत शिरलं की दोन्ही हातांना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांनी बसायच्या दगडी खोल्या. डोक्यावर कमान. त्या कमानीचा उजवीकडचा सगळा भार ज्या दगडावर, तीच आमची दरवाजामाय.

मूर्ती नव्हती हो. दगडच. पण पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चोपडून तिचा असा फुगवटा झाला होता, की डोकं कुठलं नि खांदे कुठले ते आपणच ठरवायचं. त्यात चांदीचे डोळे बसवलेले. शेंदराच्या त्या थराला कवच म्हणायचे. आमचं घर गुरवाचं, मायला हात लावायचा मान फक्त आमचा. आणि मानासोबत शाप फुकट. मायचं कवच ज्या हातानं निघेल, त्या हाताच्या घरचा पाळणा रिकामा राहील, असं गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

सासूचं नाव बेबाबाई, पण गाव तिला गुरवीण अक्काच म्हणायचं. शिरपूरकडून लहानपणीच लग्न होऊन आली. लेक मांडीवर असताना नवरा तापानं गेला. दिरांनी बळकावायचं ते बळकावलं, हिच्या वाट्याला राहिली दरवाजामाय. ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका, दर मंगळवारी तेलाची वाटी घेऊन बाई गड चढायची. लेकाला वाढवलं ते दरवाजात आलेल्या नारळ-खोबऱ्यावर आणि दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून. बोलायची कमी. आणि बोलायची ते असं, की पुढच्याला उत्तर सुचू नये.

मी जामनेरच्या बाजारात वाढलेली, तोंडाची फटकळ. आमचं पटायचं कसं? भाकरी जाड झाली यावरून भांडण, पातळ झाली यावरून भांडण. आमचे हे, लीलाधर (घेतलं नाव, काय व्हायचं ते होऊ दे), मूग गिळून बसायचे. पण एक सांगते. माझी आधीची दोन्ही लेकरं बारशाच्या आधीच गेली. तेव्हा सगळी भावकी माझ्याकडे बोट दाखवत होती, आणि ही बाई एकटी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मनी सूनले बोलानं काम नही. जा आपापला घर." तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, तूप, जे मिळेल ते आधी माझ्या ताटात पडायचं. माझ्या अंगावर खेकसत वाढायची, पण वाढायची.

हे अडुसष्ट सालचं. त्याच्या दोनेक वर्षं आधीपासून गडाच्या दुरुस्तीचं सरकारी काम चालू होतं. जळगावहून रतिलालभाऊ ओव्हरसियर यायचे, आणि धुळ्याचे अभिमन मिस्तरी तर इथंच झोपडी टाकून राहिले होते. ढासळलेला बुरूज त्यांनी पुन्हा उभा केला, पाण्याची टाकी गाळ काढून स्वच्छ केली. पायथ्याशी चुन्याची घाणी फिरायची. त्यात गुळाचं पाणी, बेलाचा गर ओतायच्या कामावर अक्काही होती. चुन्यानं हात फुटायचे, तरी तिला ते काम आवडायचं. म्हणायची, मायचं घर लिंपते आहे.

शेवटी राहिली महादरवाजाची कमान. तिचे दगड उतरवून, खाली लाकडाचा भक्कम साचा उभारून ते पुन्हा बसवायचे होते. गावानं आधीच बजावलं होतं, कमानीचं काय ते करा, मायला बोट लावायचं नाही. रतिलालभाऊ भला माणूस. कशाला वाद, म्हणाले. दगड चढले, मधला चावीचा दगडही बसला, गावानं नारळ फोडला. चैत्री पुनवेची यात्रा तोंडावर आली होती. त्याआधी साचा काढून वाट मोकळी करायची, एवढंच राहिलं होतं.

आणि मायच्या वरच्या सांध्यात चीर दिसली.

केसाएवढी. अभिमन मिस्तरींनी चिरेवर ओल्या चुन्याची टिकली लावली. भिंत जागेवर असली तर टिकली तशीच वाळते, हलत असली तर तुटते. सकाळी टिकली तुटलेली. दुसरी लावली. तीही तुटली. मिस्तरी हसतमुख माणूस, पण त्या दिवशी त्यांनी हातातली बिडी न पेटवताच फेकून दिली. रतिलालभाऊंना बोलावणं गेलं. दोघांनी पाहिलं आणि दोघांचं एकच मत पडलं. कवचाच्या आतला दगड फुटलेला आहे. साचा आहे तोवर कमान साच्यावर उभी. साचा काढला की सगळा भार त्या फुटक्या दगडावर.

दरवाजातच बैठक बसली. अर्धं गाव जमलं.

"कवच काढून आतला दगड पाहू द्या," रतिलालभाऊ म्हणाले. "बदलावा लागला तर बदलू."

"अन् कुनाचा पाळणा रिकामा करायचा? तुमचा?" कोणीतरी मागून ओरडलं.

"मग साचा काढता येणार नाही. यात्रा बंद ठेवा."

झालं. गलका उठला. यात्रा म्हणजे पंचवीस गावांची माणसं, वरून पाडे, वाड्या. पालखी या दरवाजातून गेली नाही असं आजोबा-पणज्यांच्या आठवणीत झालं नव्हतं. पाटील उठून म्हणाले, "साहेब, यात्रा बंद म्हणाल तर पोरं रातोरात तुमचा साचा उपटून टाकतील. मी कोणाकोणाला धरू?" आणि ते धमकी देत नव्हते, खरंच सांगत होते. दोन तरणे तर तिथंच साच्याच्या खांबाला हात घालून उभे होते. मिस्तरींनी हात जोडले, "भाऊ, हात काढा. पाया पडतो, हात काढा."

साचा ठेवला तर यात्रेकरू तो मोडणार, मोडला तर कमान त्यांच्याच डोक्यावर. उरली एकच गोष्ट. कवच काढायचा हक्क एकाच घराला. सगळ्यांच्या नजरा अक्कावर गेल्या. आणि तिच्यावरून सरकून माझ्या पोटावर आल्या. मला आठवा संपत आला होता. मी पदर ओढून घेतला. असा संताप आला मला, की त्या एकेकाचे डोळे फोडावेत.

घरी आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, "अक्का, त्या दगडाला हात लावाल तर याद राखा. माझं हे पोर गेलं तर याच उंबऱ्यावर डोकं आपटून जीव देईन."

"अन् इतला लोके मरतीन ते?"

"मरू द्या!" हो, म्हटलं मी. दोन लेकरं मातीत पुरलेल्या बाईनं दुसरं काय म्हणायचं? "त्यांना कळत नाही का? ज्यांना यात्रा पाहिजे त्यांनी काढावं कवच!"

आमचे हे कोपऱ्यात बसून जमीन उकरत होते. अक्का माझ्याकडे नुसती बघत राहिली. रागानं नव्हे. त्या बाईला मी कधी घाबरले नव्हते, त्या दिवशी घाबरले. ती जेवली नाही. ताटातली भाकरी फडक्यात बांधून तिनं शिंक्यावर ठेवली, आणि माझ्या अंथरुणाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा तो ठेवला.

सकाळी डोक्यावरून आंघोळ करून तिनं आम्हा दोघांना हाक मारली. "चाला दरवाजामा." मी म्हटलं, येत नाही. ती म्हणाली, "तुना पोरनं भलं पाह्यजे ना? मंग चाल." गेले. जड पोट घेऊन धापा टाकत चढले. गाव आधीच जमलं होतं. रतिलालभाऊ, मिस्तरी साच्याजवळ उभे होते.

अक्काच्या हातात पऱ्हाटीची काडी होती, कपाशीची वाळकी काडी. आमच्याकडे पूर्वी नवरा-बायकोचं फाटलं तर पंचांसमोर काडी मोडायची रीत होती. एकदा मोडली की संबंध संपला, पुन्हा जोडायची नाही. पण आईनं लेकाशी काडी मोडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. तिनं काडीचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं. ह्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा काडी मोडली होती.

"लीलाधर, आते तू मना आंडोर नही. ही मनी सून नही. हिना पोटमा जे शे, त्याना मना काही संबंध नही," ती मायकडे तोंड करून म्हणाली. "माय, तू साक्षी शे. जे करस ते एकटी बेबा करस. तिले घर नही, पाळना नही, मांगे कोनी नही."

हे "माय, माय" करत पुढे झाले. तिनं मान वळवली नाही. कंबरेचं खुरपं काढलं, आधी मायच्या पाया पडली, चांदीचे डोळे अलगद उचकटून पदरात बांधले, आणि खुरप्याचा पहिला घाव घातला. बायकांत रडं फुटलं. मी पोटावर दोन्ही हात धरून उभी होते. शेंदराच्या भाकरीएवढ्या जाड खपल्या पडत होत्या. वरची लाल, खालची काळपट, त्याखाली आणखी एक. मी त्या वेळी देवाला नाही, पोटातल्या पोराला विनवत होते, लाथ मार, हल, जिवंत आहेस एवढं सांग.

कवच उतरलं आणि आत काय होतं? ना तोंड, ना हात. साधा घडीव दगड, वरपासून खालपर्यंत तडकलेला. त्या तड्यावरून लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या आवळलेल्या आणि फटीत शिसं ओतलेलं.

रतिलालभाऊ गुडघ्यावर बसले. मिस्तरींनी पट्टीवरून बोट फिरवलं. "कुण्या जुन्या मिस्तरीचं काम आहे," ते हळूच म्हणाले. "दगड तेव्हाच फुटला होता. त्यानं बांधला, आणि कोणी ठोकाठोक करू नये म्हणून वर शेंदूर फासला असणार. शेंदूर लावला की कोणी हात लावत नाही." मग अक्काकडे बघून म्हणाले, "अक्का, पुढचं लोखंड अजून कोरं आहे. तुमच्या तेलानं टिकलं. मागून पाणी मुरलं, तिथं गंजून फुगलंय आणि त्यानंच—"

कट्‌कन आवाज झाला. पट्टी सुटली. वरून चुना भुरभुरला, साच्याचं लाकूड करकरलं.

"बाहेर! सगळे बाहेर!" मिस्तरी गरजले. माणसं एकमेकांना ढकलत पळाली. मला कोणी ओढलं ते आठवत नाही. अक्का तिथंच होती. खाली वाकून शेंदराच्या खपल्या ओच्यात भरत होती, वेडी बाई! हे उलटे फिरून आत धावले, तिचा दंड धरला. तिनं हात असा झटकला, की हे भिंतीवर जाऊन आदळले. "हात लावू नको! काडी मोडी गयी!" वर कमान करकरतेय आणि ही लेकाशी नातं जुळू नये म्हणून झगडतेय. मी बाहेरून किंचाळत होते. शेवटी मिस्तरींनी तिला मागून उचललं आणि बाहेर आणून टाकलं.

साचा टिकला. दिवसभर कोणी घास खाल्ला नाही. मिस्तरींनी टेकूवर टेकू दिले, चोपड्याहून ट्रकचे जॅक आणले, फुटका दगड तुकड्या-तुकड्यानं काढला आणि त्याच डोंगराचा नवा घडवून बसवला. टिकली लावली. सकाळी अख्खी. पुन्हा पाहिली, अख्खी. साचा उतरला तेव्हा मिस्तरी आणि रतिलालभाऊ दोघं कमानीखाली उभे होते, आणि गावाला उगाच हसून दाखवत होते. पुनवेला पालखी त्याच दरवाजातून गेली. हजारो माणसं गेली, लेकरं खांद्यावर घेऊन.

अक्का घरी आली नाही. डावीकडच्या देवडीत तिनं चूल मांडली. खपल्या एका कोनाड्यात रचून त्यावर चांदीचे डोळे बसवले.

पुढच्या महिन्यात मला मुलगी झाली. बारसं झालं. पहिला पावसाळा गेला, हिवाळा गेला, पोरगी टुणटुणीत. नाव ठेवलं निंबी. मी तिला कडेवर घेऊन गड चढले. म्हटलं, आता बस झालं नाटक. "अक्का, तिथं देवी नव्हतीच. तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत. मिस्तरीनं दगड बांधला होता. शाप नाही, काही नाही. घरी चला. घ्या नातीला."

ती पाठ करून बसली. "मिस्तरीनं करेल व्हई. पन पोरगी जगनी ना?"

"जगली, शाप नव्हताच म्हणून!"

"का काडी मोडी म्हनीसन?" ती म्हणाली. "तुले नक्की माहीत शे का? मले नही. मंग कसाले परीक्षा दखू? जाय तिले लीसन."

मी शिव्या घातल्या. हट्टी म्हातारी, दगडाची म्हातारी, काय वाटेल ते बोलले, आणि उतरताना सगळी वाट रडले. कारण पोर शाप नव्हता म्हणून जगली की काडी मोडली म्हणून, हे नक्की मलाही माहीत नव्हतं. तिनं ते बरोबर ओळखलं होतं.

वर्षं अशीच गेली. आम्ही दरवाजातून जायचो तेव्हा ती तोंड फिरवून घ्यायची. निंबीला "गावनी पोर" म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खायला सुकडी मिळायची, तर आपल्या वाट्यातली पानात बांधून आमच्या ओट्यावर ठेवायची आणि लांबूनच ओरडायची, "गावनी पोरले शे!" हे रोज संध्याकाळी तिच्या देवडीपासून लांब बसून यायचे. बोलणं नाही. नुसतं बसून यायचे.

मग निंबी सातेक वर्षांची असताना एका उन्हाळ्यात अक्का अंथरुणाला खिळली. ह्यांनी उचलून आणायचा प्रयत्न केला, तर तेवढ्याही जिवात हात झटकला. पाण्याला नाही म्हणेना, पण आमच्या हातचं घेईना. दुपारची वेळ होती. मी निंबीला घेतलं, तांब्या घेतला आणि गेले. देवडीत वाकून आत शिरले. तिचे डोळे मिटलेले.

"कोन शे?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडावर आलं होतं, मी, तुमची सून. गिळलं. आयुष्यात एकदाच मी जिभेला आवरलं. म्हटलं, "कोणी नाही, बाई. वाटसरू आहे. जामनेरची. गड पाहायला आले होते. तहान लागलीय का तुम्हाला?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग निंबीकडे.

"अन् ही?"

"ही माझी नाही. वाटेत भेटली. गावची पोर आहे."

अक्काच्या तोंडावर हसू आलं. मी त्या घरात नांदायला आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं ते. "गावनी पोर शे," ती म्हणाली, "मंग तिना हातनं पेवाले काय हरकत शे?"

निंबीनं तांब्या तिच्या ओठांना लावला. अक्का घोट घोट प्यायली. मग तिनं निंबीचा हात धरला, बोटं एकेक करून चाचपली, नखं चाचपली, मनगट चाचपलं, बारशाला पाहायचं राहिलेलं सगळं पाहून घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. वाटसरू बाईला रडायचं काय कारण?

ऊन कलल्यावर निंबी म्हणाली, "आई, यांचा हात गार पडलाय, पण सोडतच नाहीत."

मी तिथं बसून एकेक बोट सोडवलं.